पंचकाकांची राहिलेली फाईट

लॉकडाउनच्या दिवसांत टिलबर्गमधल्या आमच्या गल्लीत सगळ्यांना एकमेकांपासून दीड मीटर लांब राहा म्हणून सांगावं लागायचं. पंचकाकांच्या बाबतीत ती वेळ कधी आली नाही. लोक आपणहून तीन मीटर लांब राहत. सहा फूट उंची, सत्तरी ओलांडल्यावरही दाराच्या चौकटीएवढे खांदे, आणि नाक असं, की कुणीतरी नंतर आठवण झाली म्हणून चिकटवलं आणि घाईत जास्तच दाबलं. ते तीन वेळा मोडलं होतं. "पहिल्यांदा डावीकडे गेलं, दुसऱ्यांदा उजवीकडे," ते सांगत. "तिसऱ्यांदा म्हटलं, आता सरळ होईल." शिवाय ते कुठेही उभे राहिले तरी डावा पाय पुढे, हनुवटी खाली आणि दोन्ही मुठी पोटाशी. सुपरमार्केटच्या रांगेत ते तसे उभे राहिले की पुढची माणसं हसून त्यांना आधी जायला सांगत. काकांना वाटे, डच लोक वडीलधाऱ्यांना फार मान देतात.

त्यांचं खरं नाव दिनकर सबनीस. आमच्यापासून तीन घरं सोडून राहणाऱ्या माझ्या मैत्रिणीचे, वैशालीचे हे वडील. वैशाली आइंडहोव्हनच्या एका चिप बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर. मी नवऱ्याच्या मागोमाग डिपेंडंट व्हिसावर आलेली आणि पुढे एका गोदामाच्या ट्रकांचं वेळापत्रक सांभाळायला लागलेली. 'पंचकाका' हे नाव मीच ठेवलं. तरुणपणी ते पुण्यात, एका सरकारी कारखान्याच्या क्लबात हेवीवेट बॉक्सिंग खेळत, सलग चार वर्षं तिथले चॅम्पियन होते, आणि खेळणं सोडल्यावर वीस वर्षं स्पर्धांमध्ये पंच म्हणून उभे राहत. एका शब्दात दोन्ही गोष्टी बसल्या.

ते फेब्रुवारीत आले ते नेमके कार्निव्हलच्या, म्हणजे सगळं गाव सोंगं घेऊन फिरतं त्या आठवड्यात. वैशालीला स्टेशनवर पोचायला उशीर झाला, तर हे तिथे शांतपणे उभे. घरी आल्यावर मला म्हणाले, "इथले लोक फार मोकळे आहेत. एक बेडूक भेटला, त्यानं माझी बॅग जिन्यावरून खाली आणून दिली. बरोबर एक पोप पण होता, पण तो जरा जास्त प्यायला होता." तीन आठवड्यांत सगळं बंद झालं. विमानं बंद, शाळा बंद, रस्त्यावर माणूस नाही. काका रोज खिडकीत बसून बघत आणि म्हणत, "त्या बेडकाचं कसं चाललं असेल गं?" तीन महिन्यांसाठी आलेला माणूस दहा महिने अडकला.

दीड मीटरवर त्यांचा फार राग. "बॉक्सिंगमध्ये ह्याच्याइतकं निरुपयोगी अंतर नाही," ते म्हणत. "तिथून मारता येत नाही आणि मारही खाता येत नाही. दोघं बॉक्सर दीड मीटरवर उभे दिसले की समजायचं, दोघंही घाबरलेत." वैशाली आणि मी घरातून काम करून पाठी धरून बसलो होतो, तेव्हा त्यांनी घरामागच्या गाड्या लावायच्या जागेत आमचा क्लास सुरू केला. ग्लोव्हज नव्हते, म्हणून ओव्हनमधून ट्रे काढायचे जाड हातमोजे घातले. मी पहिला ठोसा मारला आणि डोळे मिटले. काका म्हणाले, "मनात कुणाला समोर आणलंस?" मी म्हटलं, "माझ्या मॅनेजरला." "मग बरोबर आहे. राग असला की डोळे मिटतात. आवडता माणूस समोर आण, नेम चांगला बसतो." त्यानंतर मी नवऱ्याला समोर आणलं आणि खरंच फरक पडला.

वैशालीच्या शेजारी विन्स्टन राहत. मूळचे सुरीनामचे, कृष्णवर्णीय, काकांच्याच वयाचे आणि जवळजवळ काकांच्याच आकाराचे. काकांनी त्यांना झुडपांच्या कुंपणापलीकडे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांचे डोळेच चमकले. त्यांनी नातीला, बारा वर्षांच्या ईराला हाक मारली. ईराला मराठी सगळं कळतं, पण ती उत्तर देते ते बहुतेक इंग्रजीत नाहीतर डचमध्ये. काका म्हणाले, "ह्यांना विचार, कुठल्या वजनात खेळत होते."

ईरानं विचारलं. विन्स्टन बराच वेळ हसले आणि मग काहीतरी म्हणाले.

"आजोबा, ही सेज, ही नेव्हर हिट एनीबडी. ते दात बनवायचे. फॉल्स टीथ. थर्टी इयर्स. ही सेज, तुमच्यासारखे लोक जे पाडतात ते ही पुट बॅक."

काकांना मनापासून लाज वाटली. रंग आणि खांदे पाहून आपण माणसाचा धंदा ठरवून टाकला, हे त्यांनी संध्याकाळपर्यंत तीन वेळा बोलून दाखवलं. दुसऱ्या दिवशी वैशालीकडून पोहे करून घेतले आणि स्वतः कुंपणावर ठेवून, दीड मीटर मागे सरून उभे राहिले. विन्स्टननी उलट डाळीचं सारण भरलेल्या सुरीनामी रोट्या पाठवल्या. काकांनी एक खाऊन पाहिली. "पुरणपोळीच आहे," ते म्हणाले. "गूळ घालायला विसरलेत. बोलू नका, वाईट वाटेल." तेव्हापासून ते 'विन्स्टनराव' झाले आणि हवा चांगली असली की दुपारी कुंपणाच्या दोन बाजूंना दोन खुर्च्या पडू लागल्या.

त्या खुर्च्यांवर बसून काका एकच विषय बोलत: जुन्या काळच्या हेवीवेट अजिंक्यपदाचा इतिहास. कॅम्पातल्या रद्दीवाल्याकडून आणलेली जुनी इंग्रजी बॉक्सिंगची मासिकं त्यांनी तरुणपणी पाठ केली होती. पण नावं त्यांच्या जिभेवर बसत नसत, म्हणून ते माणसांना खुणेनं ओळखत. एक मिशीवाला. तो जगज्जेता होता, पण काळ्या माणसाशी लढणार नाही असं त्यानं सरळ जाहीर केलं. "रेघ मारली," काका हवेत बोटानं रेघ ओढत म्हणत. "ह्या बाजूला मी आणि माझा किताब, त्या बाजूला तुम्ही. आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या." त्याच्यानंतरच्यांनीही तीच रेघ पुढे चालवली. मग आला सोनेरी दातवाला, काळा. तो म्हणे एका गोऱ्या जगज्जेत्याच्या मागे देश सोडून देश फिरला. अखेर ऑस्ट्रेलियात त्याला गाठलं आणि असा धुतला, की पोलिसांनी लढत थांबवली आणि कॅमेरासुद्धा बंद करायला लावला, गोरा माणूस पडताना जगाला दिसू नये म्हणून. मग निवृत्त होऊन शेती करत बसलेल्या एका जुन्या जगज्जेत्याला गोऱ्यांची लाज राखायला शेतातून उचलून आणलं. "त्या बिचाऱ्याचं पोट सुटलेलं. ते उतरवलं, रिंगमध्ये उभा केला. तोही हरला."

हे सगळं ईरा डचमध्ये विन्स्टनना सांगे. काकांचं बोलणं दहा मिनिटं, ईराचं भाषांतर पाच शब्द. काका संशयानं विचारत, "कॅमेरा बंद केल्याचं सांगितलंस का?" ती म्हणे, "आजोबा, आय सेड, देअर वॉज अ टेक्निकल प्रॉब्लेम." काका कपाळावर हात मारून पुन्हा पहिल्यापासून सुरू करत. विन्स्टन कुंपण कापत कापत ऐकत. त्या उन्हाळ्यात ते कुंपण आमच्या गल्लीतलं सगळ्यांत नीट कापलेलं कुंपण झालं.

गोष्टीच्या शेवटाला मात्र काका आवाज खाली आणत. कारण तो सोनेरी दातवाला स्वतः जगज्जेता झाल्यावर त्यानंही तेच केलं. त्याच्यासारखेच काळे, त्याच्याइतकेच तगडे जे लढवय्ये होते, त्यांना त्यानं दारात ताटकळत ठेवलं. त्यांतला एक बुटका, सगळ्यांत धोकादायक. त्याला आयुष्यात एकदाही अजिंक्यपदाची लढत मिळाली नाही. ज्यांना सगळे टाळत ते टाळलेले लोक मग एकमेकांशीच लढत राहिले, पुन्हा पुन्हा, कारण दुसरं कुणी समोर यायला तयार नव्हतं. बुटक्याची नजर जात चालली तरी तो खेळत राहिला. "समोरचा दिसत नव्हता, नुसता हातांनी शोधायचा," काका सांगत, आणि मिशीवाल्याला मराठीत अशा शिव्या देत की ईरा त्यांचं भाषांतरच करत नसे.

जून महिन्यातल्या एका दुपारी ही गोष्ट पाचव्यांदा की सहाव्यांदा सांगून झाली. मीही तिथे होते. विन्स्टननी कात्री खाली ठेवली आणि ईराला एक छोटासा प्रश्न विचारला. त्या दिवशी तिनं भाषांतर पूर्ण केलं.

"आजोबा, ही इज आस्किंग, तुम्ही पण चॅम्पियन होता ना? मग तुमच्या वेळी बाहेर कोण उभं होतं? हू डिड यू नॉट फाईट?"

विन्स्टनच्या चेहऱ्यावर टोमणा नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

"सांग त्यांना," काका म्हणाले, "मी सगळ्यांशी लढलो." मग उठले, खुर्ची मिटली आणि आत गेले.

चार दिवस क्लास झाला नाही. वैशाली म्हणाली, "बाबा जेवतायत, झोपतायत, पण बोलत नाहीयेत. मी हाउसआर्ट्सला फोन केला होता." हाउसआर्ट्स म्हणजे इथले घरचे डॉक्टर. त्यांनी पॅरासिटमॉल घ्यायला सांगितलं होतं. ते सगळ्यालाच पॅरासिटमॉल घ्यायला सांगतात. पाचव्या दिवशी सकाळी काका माझ्या दारात उभे. डावा पाय पुढे नव्हता. दोन्ही पाय सारखे ठेवून, साध्या माणसासारखे उभे होते, आणि त्यानं मला जास्त भीती वाटली.

"मृणाल, कालव्यापर्यंत चालून येऊ या का?"

चालताना त्यांनी सांगितलं. "आमच्या क्लबात हेवीवेटला पहिल्या वर्षी मी एकटाच होतो. रिंगमध्ये चढलो, पंचांनी माझा हात वर केला, खाली उतरलो. आईनं पेढे वाटले. दुसऱ्या वर्षी कांबळे आला. दापोडीचा, लोडिंगला होता. डावखुरा. सरावात एकदा आमनेसामने उभं केलं आम्हाला. त्याचा पहिला पंच मला दिसला. दुसरा दिसला नाही. डोळे उघडले तर छताचे पत्रे दिसले."

"मग?"

"मग स्पर्धा आली. कांबळेचा अर्ज उशिरा पोचला म्हणाले. पुढच्या वर्षी अर्ज वेळेवर आला, तर वजन अर्धा किलो कमी भरलं. त्याच्या पुढच्या वर्षी वजन भरलं, तर डॉक्टरचा कागद नाही. सेक्रेटरी माझ्या साहेबांचे मेहुणे. मला येऊन हळूच सांगायचे, सबनीस, निवांत राहा. मी निवांत राहायचो. तीन वर्षं. त्यानंतर कांबळेनं अर्ज केलाच नाही. आणि मग मीही खेळणं सोडलं."

मी म्हटलं, "काका, तुम्ही काही केलं नव्हतं. ते सेक्रेटरी..."

"ऐक पुढे. क्लबात ग्लोव्हजच्या चार जोड्या होत्या. तीन कपाटात. एक बाहेर, खिडकीच्या गजाला दोरीनं बांधलेली. ती कांबळेची. सेक्रेटरी म्हणायचे, त्याला घाम जास्त येतो. कुणी काही बोललं नाही."

"आणि तुम्ही?"

"मी कपाटातले घालायचो."

कालव्यातून एक लांब मालवाहू बोट चालली होती. तिच्या डेकवर कुणीतरी कपडे वाळत घातले होते. मग काका म्हणाले, "रेघ मी नाही मारली गं. मारलेल्या रेघेच्या बऱ्या बाजूला उभा राहिलो. आणि पन्नास वर्षं त्या मिशीवाल्याला शिव्या देतोय."

काकांच्या कारखान्यातल्या निवृत्त लोकांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप होता, जिथे सकाळी सहापासून फुलं आणि सुविचार पडायला सुरुवात होई. काकांनी तिथे लिहिलं: "कांबळे, लोडिंग सेक्शन, डावखुरे, यांचा नंबर पाहिजे." तासाभरात अकरा कांबळ्यांचे नंबर आले. त्यांतले तीन डावखुरे होते. एक उजवे होते, पण त्यांना बोलायला कुणीतरी हवं होतं, म्हणून काका त्यांच्याशीही अर्धा तास बोलले. चौथ्या फोनला खरे यशवंत कांबळे सापडले. दापोडीतच होते. कारखान्याच्या जुन्या व्यायामशाळेत आता वस्तीतल्या मुलींना बॉक्सिंग शिकवत. लॉकडाउनमुळे तेही बंद होतं.

व्हिडिओ कॉल माझ्या फोनवरून लावला, कारण काकांच्या हातात फोन असला की समोरच्याला फक्त त्यांचं कपाळ दिसे. त्यांनी माफीचं भाषण कागदावर लिहून आणलं होतं. पडद्यावर एक लहानखुरा, काटकुळा म्हातारा उमटला. पांढरे शुभ्र केस, पण डोळे असे की मीच हनुवटी खाली घेतली.

"बोल सबनीस," तो म्हणाला. "नाक आहे का अजून?"

पुढे काकांनी मला सांगितलं, की कारखान्यात कांबळे त्यांना 'सबनीससाहेब' म्हणत आणि हे त्यांना 'अरे कांबळे'. आता हे चष्मा लावून वाचू लागले, "आदरणीय यशवंतराव, तुम्हाला आठवत असेल..."

"थांब. आदरणीय कोण? तुम्ही कोण? अरे-तुरे कर. एकमेकांला तुम्ही-आम्ही करायला लागलो तर मारायचं कसं?"

काकांनी कागद बाजूला ठेवला. "कांबळे, मला माफी मागायचीय."

"माफी नको. फाईट दे."

"आता? ह्या वयात? तू दापोडीत, मी हॉलंडमध्ये."

"मग बरंच आहे. लागायची भीती नाही." मग तो म्हणाला, "मी अर्ज वेळेवर करतोय, लिहून घे. डॉक्टरचा कागद उद्या पाठवतो."

आणि खरंच दुसऱ्या दिवशी कागद आला. दापोडीच्या कुठल्याशा डॉक्टरनं, मधुमेह असला तरी अर्जदाराला हलका व्यायाम करायला हरकत नाही, असं सही-शिक्क्यानिशी लिहून दिलं होतं. काका तो कागद कितीतरी वेळ हातात धरून बसले.

त्यानंतरचे तीन आठवडे आमच्या गल्लीनं विसरण्यासारखे नाहीत. काका पहाटे उठून कालव्याच्या काठानं चालत. भात सोडला. वैशाली वैतागून म्हणाली, "बाबा, तुमचं बीपी बघा, तुम्ही काय लहान आहात?" ते म्हणाले, "लहान असताना घाबरलो, म्हणून तर ही वेळ आली." मुख्य पंच म्हणून विन्स्टनना नेमलं, कारण दोन्ही बाजूंना ते मान्य होते आणि मराठी येत नसल्यामुळे त्यांना कुणी पढवू शकलं नसतं. नियम ठरले: एकेका मिनिटाचे तीन राउंड, ठोसा कॅमेऱ्याकडे मारायचा, तो लागला असता की नाही हे विन्स्टन ठरवणार. घंटा म्हणून ईराच्या सायकलची घंटी.

आदल्या दिवशी वजनं झाली. कांबळेंनीच तो हट्ट धरला होता. काका बाथरूममधल्या काट्यावर चढले, मी फोन खाली धरून आकडा दाखवला: ब्याण्णव. मग तिकडे कांबळेंच्या नातीनं फोन खाली धरला. छप्पन. एके काळचा हेवीवेट मधुमेहानं इतका उतरला होता. ईरानं सगळं डचमध्ये सांगितल्यावर विन्स्टननी नियमाला धरून विचारलं, की हेवीवेटसाठी हे वजन चालतं का.

"मृणाल, लिही," काका म्हणाले. "वजन भरलं."

"आकडा किती लिहू?"

"वजन भरलं, एवढंच लिही."

पडद्यावरचे कांबळे खाली काट्याकडे बघत होते. ते बराच वेळ तिथून उतरलेच नाहीत.

रविवारी सकाळी साडेदहाला, म्हणजे दापोडीत दुपारी दोनला, लढत सुरू झाली. वैशालीनं सोफा मागे सरकवून मोठ्या टीव्हीवर कॉल लावला होता. विन्स्टन बागेत, उघड्या दारापाशी, पांढरा शर्ट आणि बो टाय घालून दीड मीटरवर उभे. काका ओव्हनचे हातमोजे घालून. तिकडे कांबळेंच्या मागे त्यांच्या क्लासातल्या पाच-सहा मुली तोंडाला रुमाल बांधून भिंतीशी ओळीनं उभ्या होत्या, आणि त्यांच्या हातांत मात्र अस्सल ग्लोव्हज होते.

पहिला राउंड नेटवर्कनं खाल्ला. कांबळेंचा ठोसा एक सेकंद उशिरा पोचे, त्यामुळे काका आधीच वाकत आणि वर येत तेव्हा तो नेमका नाकावर येई. काका ओरडले, "अजून आला नव्हता तो." विन्स्टननी ऐकून घेतलं नाही. दुसऱ्या राउंडमध्ये काकांनी जोर केला. दोन सरळ ठोसे विन्स्टननी धरले, तिसऱ्यानं वैशालीचा उभा दिवा पाडला. दिवा धरला नाही. तिसऱ्या राउंडमध्ये कांबळे एकदम शांत झाले. हात खाली. उजवा खांदा जरासा हलवला, काका त्या बाजूला वळले, आणि डावा हात आला. मी कांबळेंकडेच बघत होते, तरी मला तो सुटलेला दिसला नाही, मागे आलेला दिसला. जवळजवळ सात हजार किलोमीटरवरून काकांची मान मागे गेली आणि ते सोफ्यावर बसले.

विन्स्टन डचमध्ये आकडे मोजू लागले. काकांना श्वास लागला होता, पण उठता येणार नाही असं काही दिसत नव्हतं. ते टीव्हीकडे बघत राहिले. दहा झाले. ईरानं घंटी वाजवली. तिकडे एका मुलीनं कांबळेंचा हात धरून वर केला आणि सगळ्या मुली नाचायला लागल्या. कांबळेंनी टॉवेलनं तोंड पुसलं, जरा जास्तच वेळ पुसलं, आणि म्हणाले, "बरं झालं. आता जेवतो." आणि फोन बंद.

वैशाली बीपीचं मशीन घेऊन धावली. नंतर मी काकांना एकटं गाठून विचारलं, "काका, तुम्ही मुद्दाम बसून राहिलात ना?"

ते खरंच चिडले. "कांबळेसमोर मुद्दाम बसायची पाळी येत नाही. तो बसवतो."

त्यानंतर दर रविवारी दोघं फोनवर भांडत. हळूहळू विन्स्टनही त्यात बसू लागले. दात पडू नयेत म्हणून काय खावं यावर त्यांनी मुलींना एक भाषण दिलं. ईरानं ते मराठीत सांगितलं, पूर्ण. मुली तिच्या मराठीला हसल्या, तर तिनं त्यांना डच शिव्या शिकवल्या.

डिसेंबरात काकांना खास विमानात जागा मिळाली. निघायच्या आधी विन्स्टननी त्यांना एक डबी दिली. आत दातांवर बसवायचं संरक्षक कवच, काकांच्या दातांचा साचा घेऊन स्वतः बनवलेलं. निवृत्त झाल्यावर त्यांनी तेवढंच एक काम केलं होतं. काकांनी ते तिथेच तोंडात बसवलं आणि वर मास्क लावला. परिणाम असा झाला की स्किपॉल विमानतळावर निरोप घेताना त्यांना एक शब्द धड बोलता येईना. वैशाली रडत होती, ईरा रडत होती, आणि काका "मू मू" करून काहीतरी फार महत्त्वाचं सांगत होते. मी म्हटलं, "काका, ते काढा आणि बोला." त्यांनी मान हलवली, नाही. डोळे पुसले, आणि आत गेले.

दीड वर्षानं काका गेले, पुण्यात, दुपारी पेपर वाचता वाचता. वैशालीला कळवणारा पहिला फोन कांबळेंचा होता.

त्या हिवाळ्यात मी पुण्याला गेले तेव्हा त्यांना भेटायला दापोडीला गेले. ते मला कारखान्याच्या व्यायामशाळेत घेऊन गेले. मुली दोरीवरच्या उड्या मारत होत्या. भिंतीवर सागवानी फळा होता, वर्षवार विजेत्यांची पांढऱ्या रंगात लिहिलेली नावं. हेवीवेटखाली सलग चार ओळी: दि. वा. सबनीस. मग रिकामी जागा, आणि अगदी तळाला ताज्या रंगात, थोड्या तिरक्या अक्षरांत एकच ओळ: य. र. कांबळे.

"क्लबाला तीन पत्रं लिहिली त्यानं," कांबळे म्हणाले. "हितला नवा सेक्रेटरी म्हणाला, असं नाव घालायचा अर्जच नाही आमच्याकडं. मग सबनीस म्हणाला, आम्ही दोघं म्हातारे हॉल झाडून देतो, किल्ली दे. किल्ली घेतली आणि पेंटरला घेऊन आला. पेंटरला म्हणाला, आधी वरच्या चार ओळी खोड."

"तुमचंच नाव राहावं म्हणून?"

"हां. ब्रश लावायला लागला होता पेंटर. मी हात धरला त्याचा." कांबळेंनी फळ्याकडे बघितलं, मग उड्या मारणाऱ्या मुलींकडे. "म्हटलं, ऱ्हाऊ दे सबनीस. मी कुणाला हरवलं, ते ह्या पोरींना कळाया पायजे."